पोहोचल्याची नोंद

"कडेकडेनं ये, पोरी," भागाबाई म्हणाल्या. "मधे पाय नको देऊ."

परदेशी गेलेल्यांच्या सर्वेक्षणाला आलेल्या स्नेहलने खाली पाहिलं. खोलीभर बोटभर धूळ होती. मधोमध बुटांचे ठसे होते, केळीच्या मळ्यातल्या वाळलेल्या चिखलाचे, उंबऱ्याकडे गेलेले. भिंतीलगत खाटेपर्यंत जायला तेवढी एक वाट होती.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, हे स्नेहललाही तिच्या आईने शिकवलं होतं. पोहोचल्याचा निरोप आला की झाडू हातात घ्यायचा. माणूस निघाल्याबरोबर घर झाडून वर पाण्याने धुतात, ते फक्त तिरडी उचलल्यावर.

"किती दिवस झाले, मावशी?"

"माझा मयूर गेला त्याला ह्या पोळ्याला चार वर्षं होतीन."

स्नेहल खाटेवर टेकली, टॅबलेट उघडला. दहा वर्षांपूर्वीच्या यादीत दापोरा गावातून परदेशी गेलेला एकच माणूस होता. आज दुपारपर्यंत तिच्याकडे चौदा झाले होते. दुबई, कतार, कॅनडा. बुऱ्हाणपुरात नोकरी लागली तरी पेढे वाटणारं गाव आता विमानांच्या वेळा तोंडपाठ म्हणत होतं.

"कुठे गेला तो?"

"अमेरिकेले. एजंट बोलला, शेवटी थोडं जंगल पायी लागते. मंग जंगलातून फोन आला, आई, उद्या पोचतो." भागाबाईंनी पदर सारखा केला. "बस, तेवढाच."

पडद्यावर तीन पर्याय होते. परतला. परदेशात आहे. संपर्क नाही. सरकारी कामाला घाई नसते, पण अ‍ॅपला असते. रकाना कोरा ठेवला की ते पुढे सरकतच नाही. तिसरा पर्याय खरा होता, हे स्नेहलला कळत होतं. पण भागाबाई तिच्या बोटाकडे टक लावून बसल्या होत्या, आणि तिला भडभडून आलं. तिने दुसरा दाबला.

"काय लिहिलं?"

"परदेशात आहे म्हणून. मतलब, पोचला."

"पोचला." भागाबाईंनी शब्द हळूच परत म्हटला. "चार वर्षं सगळे 'येईल, येईल' करू राहिले. पोचला असं कोणीच नाही बोललं." मग टॅबलेटकडे बोट करत, "आता हे पुसल्या जात नाही ना?"

"नाही मावशी. सबमिट झालं."

भागाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात थंडगार होता. "जा बेटा. तुला पुढची घरं असतीन."

"येते," म्हणून स्नेहल कडेकडेनंच बाहेर पडली. अंगण ओलांडते न ओलांडते तोच मागे झाडूचा आवाज सुरू झाला. तिला बरं वाटलं. खोट्याने का होईना, बाईच्या जिवाला विसावा मिळाला. पुढच्या घराचा नंबर शोधत ती फाटकाशी थांबली.

झाडू थांबला. आत बादली सरकली.

स्नेहल वळली. मळ्यातली काळी माती घेऊन पाणी उंबऱ्यावरून खाली येत होतं.