येसाजीराव कुठे पडले?

अब्दालीने हरायला साफ नकार दिला.

“मास्साब, ये तो सरासर बेईमानी है,” दौलतसिंह म्हणाला. त्याच्या हनुवटीला मेंढीच्या लोकरीची दाढी होती आणि आवाजात खराखुरा संताप होता. “कल तक तो हम जीत रहे थे!”

कालपासून आजपर्यंत घडले होते ते एवढेच. शाळेच्या सत्रसमाप्तीला मैदानात पानिपताचे नाटक होते आणि त्याला सरदार मानसिंगराव दरेकर अध्यक्ष म्हणून येणार, असे नक्की झाले होते. मानसिंगरावांचे खापरपणजोबा येसाजीराव पानिपतावर लढले होते. तेव्हा दरेकरांच्या डोळ्यांदेखत, नववीच्या पोरांकरवी, दरेकरांचा पराभव घडवणे हेडमास्तर रघुनाथरावांना शिष्टाचाराला सोडून वाटले. त्यांनी सकाळीच इतिहासाचे शिक्षक लक्ष्मीकांत आष्टेकर यांना बोलावून घेतले आणि आज मराठे जिंकतील, असे फर्मावले.

“पण ते हरले होते,” आष्टेकर म्हणाले.

“एकशे सत्तर वर्षं झाली त्याला. एक दुपार जिंकले तर कुणाचं काय बिघडतं? आणि आष्टेकर, तुम्हाला कायम करायचं की नाही, ते सरदारसाहेब आजच सांगणार आहेत. किती वर्षं हंगामी राहणार? विचार करा.”

आष्टेकरांनी उभे तारुण्य पानिपतावर खर्च केले होते. फारसी ते त्या एका लढाईसाठी शिकले होते. विचार करायला मात्र त्यांना फार वेळ लागला नाही. ते मैदानात आले आणि त्यांनी लढाईचा निकाल बदलला.

मैदानाला याची खंत नव्हती. वर्गाच्या अंगात सकाळपासून वारे शिरले होते. घरोघरच्या पगड्या कानांपर्यंत उतरल्या होत्या. राखाडी सतरंजीखाली दोघे हत्ती होऊन धडपडत होते आणि पुढचे पाय कुणाचे, यावरून आतल्या आत भांडत होते. मराठ्यांत खट्टू होता तो एकटा बळवंत. तो येसाजीराव होता. आष्टेकरांनी लिहिलेल्या नाटकात येसाजीराव शत्रूच्या गर्दीत घुसत, एवढेच होते. मरण बळवंताने पदरचे घातले होते आणि तालमीगणिक ते लांबत चालले होते.

“मास्तर, थोडासा तरी मरू का?”

“नाही.”

“निदान जखमी?”

“तू जिंकला आहेस, बळवंत. आनंदात राहा.”

इंदरगंज पेठेच्या बाजूने मोटार आली. सरदार स्थानापन्न झाले, शिंग वाजले, आणि धुळीचा असा लोट उठला की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी उपरणी नाकाला लावली. मराठे जिंकले. विहिरीच्या दोराने बांधलेला अब्दाली इतक्या दिमाखात चालत गेला की काही टाळ्या त्यालाच पडल्या. मानसिंगरावांनी टाळी वाजवली नाही.

“यातले आमचे खापरपणजोबा कोण?” त्यांनी विचारले.

बळवंत उडी मारून पुढे आला आणि त्याने मुजरा केला. “मी, सरकार!”

“तू जिवंत कसा?”

“आपण जिंकलो ना, सरकार!”

मानसिंगराव हेडमास्तरांकडे वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. तशी सवय त्यांच्या घराण्यात कुणालाच लागली नव्हती. “रघुनाथराव, आम्हाला गावं मिळाली ती येसाजीराव पानिपतावर कामी आले म्हणून. तुम्ही त्यांना धडधाकट घरी आणलंत. उद्या दरबारात कुणी विचारलं, तर गावं परत करावीत म्हणता?”

“चूक झाली, सरकार!” हेडमास्तर धावत मैदानात उतरले. “मुलांनो, जागेवर जा! लढाई पुन्हा! या वेळी हरायचं आहे!”

एकच आरोळी उठली. हत्ती मधोमध फाटून दोन दिशांना पळाला. दौलतसिंहाने दोर झुगारला आणि तो ओरडला, “अब आएगा मज़ा!” चांगल्या जागी मरायला मिळावे म्हणून मराठ्यांची ढकलाढकली सुरू झाली. ज्यांना दम धरवत नव्हता ते लढाईआधीच आडवे झाले. जागचा हलला नाही तो बळवंत.

“मास्तर,” तो म्हणाला, “सकाळी जगायचं होतं, आता मरायचं आहे. पण खरं काय झालं होतं?”

गलका थांबला. मानसिंगरावांना प्रश्न आवडला. दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून ते प्रसन्नपणे पुढे झुकले.

“सांगा, मास्तर. आष्टेकर ना तुम्ही? तुमच्याबद्दल आजच बोलायचं आहे आम्हाला. येसाजीराव कुठे पडले, ते या पोराला सांगा.”

सरदारांच्या पाठीमागून हेडमास्तर ‘सांगा, सांगा’ अशी जोरजोराने मान डोलावत होते. उत्तर सोपे होते, आणि ते दिले की नोकरी जन्माची होती.

आष्टेकर सरदारांकडे न पाहता बळवंताकडे वळले.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “येसाजीराव गर्दीत घुसले, इथवर पुरावा आहे. त्यांना पडताना कुणी पाहिलं नाही. प्रेत सापडलं नाही. मेले असतील. निसटलेही असतील. ते मेले असं ठामपणे सांगणारे जेवढे मी वाचले, त्या प्रत्येकाला त्यांच्या मरणातून काही ना काही मिळालेलं होतं.”

मानसिंगराव उठले आणि मोटारीकडे चालू लागले. हेडमास्तर मागोमाग धावले. पण ती मोटार फाटकाबाहेर पडण्याआधीच मैदानात सगळे हात वर झाले होते. मेलेलेसुद्धा उठून बसले होते, आणि प्रत्येकाला आधी आपलाच प्रश्न विचारायचा होता.