ओढ्याकाठचा ओक

हिवाळ्यात कॉर्बिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढ चढायला मनाई केली. म्हणून या वसंतात शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच पहाटे आयडेलाने नवऱ्याला ओढ्याकाठच्या ओकाखाली बसवलं. पाठीशी उशी ठेवली, मांडीवर बंदूक दिली. वर उतारावरच्या पाइनच्या झाडावर रात्रभर बसलेल्या नर टर्की पक्ष्याने घोगरी आरोळी ठोकली.

"इथून मादीचा आवाज काढत राहा," ती कुजबुजली. "येईल तो खाली."

"खाली?" कॉर्बिन दबक्या आवाजात भडकला. "अगं, टर्की कधी डोंगर उतरून येतो का? तो वरच्या हाकेलाच जातो, शेंबड्या पोरालाही कळतं! मला माथ्यावर ने."

आयडेलाने त्याच्या पायांवर पांघरूण नीट केलं. घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने मारलेल्या टर्कींचे पिसारे ओळीने टांगलेले होते. तिचा एकही नव्हता. पाहुण्यांना भिंत दाखवताना तो दरवेळी हसून म्हणायचा, "आमची आयडेला बसते हो ओढ्याकाठी, पण तिला धीरच नाही."

तिने आपली बंदूक खांद्यावर घेतली आणि पाइनला लांबून वळसा घालत माथ्याकडे जाणारी पायवाट धरली.

"आयडेला! अगं, इथं काही येणार नाही!"

ती थांबली, वळली.

"लग्न झाल्यापासून मला इथंच तर बसवत आलास, कॉर्बिन. जरा धीर धर."