पहिल्या रांगेतली खुर्ची

जादूगाराने दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले होते. वायरमनने मोजले, डोळे उघडले, तर शेजारी बसलेला सलूनवाला गायब.

सापडला समोरच. खुर्चीत मागे रेलून दात काढत होता.

म्हणजे आजही त्यालाच निवडलं.

दोघे लहानपणापासूनचे मित्र. वर्षातून एकदा कामं बंद ठेवून चार दिवस शहरात यायचे आणि रोज संध्याकाळी कुठलातरी कार्यक्रम गाठायचे. दरवर्षी शहर सलूनवाल्याच्या प्रेमात पडायचं. परवा बोटीवर नाचायला त्यालाच ओढलं. काल हॉटेलात गाणाऱ्या बाईंनी माईक त्याच्याच हातात दिला. वायरमनने दोन्ही वेळा त्याची पिशवी सांभाळली.

म्हणून आज तो भडक लाल शर्ट घालून जादूच्या खेळाला आला होता. पहिली रांग धरली होती. "कोण येतं?" हे जादूगाराने पूर्ण विचारायच्या आतच त्याचा हात वर होता.

"काय म्हणता, भाऊ?" जादूगाराने वाकून विचारलं.

"मी काय म्हणणार? त्याला विचारा."

हशा पिकला. वायरमनला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, लोक सलूनवाल्यालाच हसले असणार.

"मित्राचं काम कसं वाटतंय?"

"काम कसलं? नुसता बसलाय. पॉपकॉर्न खातोय. एवढं तर मलाही जमलं असतं."

पुन्हा हशा. सलूनवाला पोट धरून वाकडा झाला.

"आणि एक सांगू का?" वायरमन आता पेटला. "हे दिवे लावले कुणी? सगळा झोत प्रेक्षकांच्या डोळ्यांत आणि कलाकार अंधारात. बावीस वर्षं वायरिंग करतोय, असला कारभार पाहिला नाही."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सलूनवाल्याने उभं राहून दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. स्वतःच स्वतःला शिट्टी. माज तरी किती असावा माणसाला.

वायरमनने पायाशी चाचपडून पाहिलं. त्याची स्वतःची पिशवी जागेवर नव्हती. ती सलूनवाल्याच्या काखेत होती.

पिशवीलासुद्धा बोलावलं. आपल्याला नाही.

"एकदा तरी मला घ्यायचं होतं हो," तो हळूच म्हणाला. "एकदा त्याने खाली बसून बघायला हवं होतं."

जादूगाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तीन म्हटलं की जागे व्हा," तो म्हणाला. "आणि मित्राकडे जाताना जरा जपून. मंचाच्या पायऱ्या अरुंद आहेत."