भेगा
कारखान्याच्या वर्षभर वापरात असलेल्या खड्ड्यातलं सांडपाणी खडकातून गावच्या विहिरीपर्यंत झिरपायला तीस वर्षं लागतील, असं कारखान्याची भूजलतज्ज्ञ असलेली ती बैठकीत संगणकावरच्या मॉडेलवरून समजावत होती. तेवढ्यात जन्मभर विहिरी खणलेले तिचे वडील आत शिरले. त्यांनी हिरव्या पाण्याची बाटली टेबलावर आपटली. "सोमवारी तुमच्या खड्ड्यात रंग ओतला. आज गुरुवार. हे विहिरीतलं!" मॅनेजर हसला. "रंग बाटलीतच कालवलात ना, काका?" वडिलांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "खडकातल्या भेगा तुला लहानपणी बोट धरून दाखवलेल्या. विसरलीस, की विकल्यास?" मॅनेजरच्या दमदाटीमुळेच तिने भेगा मॉडेलमधून वगळल्या होत्या. तिने त्या सर्वांसमोर पुन्हा भरल्या. उत्तर आलं, तीन दिवस. "नोकरी गेली तुझी!" मॅनेजर ओरडला. वडील निघाले. "बाबा, मीही येते." "वर्षभर हे पाणी प्यायलेल्यांना तोंड दाखव, मग घरी ये."