कंपनीच्या लॅपटॉपचा नंबर

देवरावांनी लॅपटॉप हळूच पालथा केला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि नंबर शोधू लागले. मुलगा नागसेन आंघोळीला गेला होता. नऊ वाजता त्याचं ऑफिस सुरू व्हायचं, म्हणजे याच खोलीत, याच टेबलावर. त्याच्या आत काम उरकायला हवं होतं.

मागच्या गल्लीत चोरी झाली होती. किमती वस्तूंचे नंबर लिहून ठेवा, म्हणजे माल सापडला तर ओळख पटते, असं पोलिसांनी घरोघरी सांगितलं होतं. पस्तीस वर्षं अमरावतीच्या गल्लीबोळांत रजिस्ट्रीची पत्रं वाटलेल्या माणसाला नंबराचं महत्त्व वेगळं कशाला सांगायचं? फ्रिज, टीव्ही, मोटरसायकल, सगळं वहीत चढलं. बायकोच्या, इंदूबाईंच्या शिलाई मशीनचीही सुटका झाली नाही. राहिला होता हा लॅपटॉप, आणि तोच खरा जोखमीचा. पुण्याच्या कंपनीने विश्वासाने दिलेला परक्याचा माल. उद्या चोरीला गेला तर पोराच्या नोकरीवर बालंट यायचं. त्या नोकरीला देवराव पोरापेक्षाही जास्त जपत.

पण खालच्या चिठ्ठीवरची अक्षरं पार पुसून गेली होती. त्यांनी अकोल्याला मुलीला, रश्मीला फोन लावला.

"पुसलं असन तं चालू करून पाहा बाबा, स्क्रीनवर दिसते कुठंतरी," रश्मी म्हणाली. "पण नागसेनलेच विचारा ना. तुमी काहून हात लावता?"

"त्याले काहून तरास द्यायचा? दिवसभर मीटिंगमधीच राह्यते बिचारा."

फोन ठेवून देवरावांनी बटण दाबलं. नंबर शोधावा लागलाच नाही. काळ्या पडद्याच्या मधोमध तो आयता लिहून आला होता. त्यांनी एकेक अक्षर वहीत उतरवलं आणि बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिलं. मग त्यांची नजर खालच्या ओळींवर गेली. हाती आलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा, ही पोस्टातली जुनी खोड.

मजकूर इंग्रजीत होता, पण सोपा होता. हा लॅपटॉप कंपनीने बंद केला आहे. वापरणारी व्यक्ती आता कंपनीच्या सेवेत नाही. लॅपटॉप ताबडतोब परत पाठवावा. खाली तारीख होती, तीन मार्च.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर जुलै महिना चालू होता.

देवराव मटकन खुर्चीत बसले. तीन मार्चनंतरही रोज नऊला हे दार लागत होतं. आतून नागसेनचं इंग्रजी ऐकू येत होतं. 'येस सर', 'शुअर सर', मध्येच आकडे, मध्येच कोणाला तरी समजावणं. इंदूबाई टीव्हीचा आवाज बारीक करून गुपचूप बसत. गेल्याच आठवड्यात तो आत कोणाच्या तरी विनोदावर मोठ्याने हसला होता. पोराचं साहेबाशी चांगलं जमतं म्हणून देवराव बाहेर बसून खूश झाले होते.

चार महिने तो बोलत होता कोणाशी?

राग यायला हवा होता, पण तो आला नाही. एवढं मोठं दुःख पोराने या दहा बाय दहाच्या खोलीत एकट्याने गिळलं, आणि आपण दाराबाहेर बसून त्याचं कौतुक करत राहिलो. आपल्याला सांगायची त्याला इतकी भीती वाटावी, असा कसा बाप झालो आपण?

न्हाणीघराची कडी वाजली. डोकं पुसत नागसेन दारापर्यंत आला आणि तिथेच थबकला. त्याने उजळलेला पडदा पाहिला. बापाच्या मांडीवरची वही पाहिली. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"बाबा..." एवढंच तो बोलला.

तेवढ्यात त्याच्या मागून चहाचा कप घेऊन इंदूबाई आल्या. "अवो, सापडला काय जी नंबर?"

नागसेनने आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"सापडला," देवराव म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, ताठ बसले आणि त्या काळ्या पडद्याकडे पाहत, इंदूबाईंना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बोलले.

"नमस्कार साहेब. मी नागसेनचा बाप बोलून राहिलो. पोरगं लय थकलं जी. आज त्याले सुट्टी द्या."