हिरवी फ्रेम

पार्किंगमध्ये गाडीची डिकी आधीच उघडी होती. हिम्मतरावकाकांनी आत जुनी चादर अंथरली होती, सायकलीला ओरखडा पडू नये म्हणून. म्हणजे ठरवूनच आले होते.

“अण्णांची सायकल जिवंत केलीस की पोरी,” काका सायकलीभोवती फिरत म्हणाले. “परताप, आठवतं का रे? कॅरिअरवर कोण बसणार म्हणून आपण दोघं मारामारी करायचो.”

“हौ,” बाबा म्हणाले. ते वॉचमनच्या तुळशीकडे बघत होते.

त्रिवेणी जिन्यापाशी पाना घेऊन उभी होती. उद्या सोमवार. उद्यापासून ती या सायकलीवर शाळेला जाणार होती, हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या सगळ्या ऑटोंना मागे टाकत. दहावीच्या वर्गाबाहेर सायकल ठेवायला जागा नव्हती, पण ही घडी घालून बाकाखाली सरकवता येत होती. तिनं मोजून बघितलं होतं. ऑटोवाल्या यादगिरीला कालच सांगून टाकलं होतं, उद्यापासून येऊ नका.

“काका, तिकडे ही चालवणार कोण?”

“चालवायची कायकू? कोकापेटच्या फ्लॅटमध्ये, हॉलात, भिंतीवर लावायची. इंटिरिअरवाल्या बाईनं जागा बी काढली. वरून दिवा, खाली पितळी पाटी. ‘हणमंतराव’. बस्स.”

“पाच वर्षं इथे जिन्याखाली गंजत होती, तेव्हा नाही आठवली?”

“त्रिवेणी,” बाबा म्हणाले.

“बोलू दे रे. अण्णांचीच जीभ आहे.” काका हसले. “पण बेटा, वस्तू अण्णांची. तुझ्या बापाला परवाच विचारलं मी. तो बोलला, घेऊन जा.”

तिनं बाबांकडे पाहिलं. परवा संध्याकाळी बाबांनीच तिला चेन चढवताना चाक धरून दिलं होतं. उकिडवे बसून, अर्धा तास. तेव्हा काही बोलले नव्हते.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “आजोबांचं असेल ते न्या. माझं नाही.”

आणि तिनं सायकल उलटी केली.

पाना नटावर बसला. पुढचं चाक निघालं. “हे अफझलगंजच्या भंगारातलं. एका लहान पोराच्या सायकलीचं.” मागचं चाक निघालं. “हे पण.” ब्रेक सुटले. “हे माझ्या वाढदिवसाचे. ड्रेस नको, ब्रेक द्या म्हटलं होतं.” सीट उपसली. “ही वैशाली मिसच्या व्यायामाच्या सायकलीची. त्या घरी तिच्यावर टॉवेल वाळवायच्या.” चेन, पायडल, हँडल. तिचे हात नुसते पळत होते. एकेक नट तिला पाठ होता. चाकं नसलेली सायकल कोण नेतं? कुणीच नाही. काका डिकी बंद करतील, चहा घेतील आणि जातील.

मग ती जिन्याखाली वाकली आणि तांदळाची गोणी ओढत आणून काकांच्या बुटांपाशी उपडी केली. गंजलेली दोन चाकं, तुटके आरे, उंदरांनी कुरतडलेली सीट, वाकडं हँडल.

“हे घ्या. हे आजोबांचं.”

बाबांचे कान लाल झाले होते.

काकांनी खाली वाकून एक गंजकं चाक उचललं. ते हिरव्या फ्रेमला टेकवलं. फ्रेमचा रंग तेवढा मूळचा होता; तिनं तो खरवडला नव्हता, नुसता पुसून पुसून वर आणला होता. काका दोन पावलं मागे सरकले. मान तिरकी केली.

“परताप,” ते हळूच म्हणाले, “हे तर आणखी भारी दिसूलालंय रे.”

त्यांनी फोटो काढला, पाठवला. मिनिटभरात फोन टिंग वाजला.

“बाई म्हणते, असंच पाहिजे. गंज पुसू नका म्हणते.” त्यांनी त्रिवेणीच्या डोक्यावर थोपटलं. “शाब्बास. मी येडा, नवीच घेऊन चाललो होतो.”

गोणी पुन्हा भरली गेली. ती डिकीत कडेला बसली. फ्रेम मात्र मावेना.

“हे मुडतं कसं?” काका सांध्याशी झटापट करत म्हणाले. “आमच्या वेळी तर नुसतं ओढलं की व्हायचं.”

आजोबांच्या वेळचा खटका कधीच तुटला होता. हा तिनं केला होता. लोखंडाची पट्टी कानशीनं घासून, तीन आठवडे, बोटं सोलवटून, आणि शेवटी रिव्हेट मारून फ्रेममध्ये पक्का बसवलेला. तो पान्यानं निघणारा नव्हता. नटांच्या नादात ती त्याला विसरूनच गेली होती.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. झटू दे. झटून झटून सोडून देतील.

बाबा पुढे झाले. खटका आधी वर, मग आत. ही खुबी तिनं एकाच माणसाला शिकवली होती.

खट्ट. फ्रेम अर्ध्यात दुमडली, एका दमात, जराही न अडकता.

“वा,” काका म्हणाले. “काय माल बनवायचे त्या काळी.”

डिकी बंद झाली. गाडी गेटबाहेर वळली. फरशीवर दोन चाकं, एक सीट, दोन ब्रेक, चेन, पायडल आणि हँडल पडलं होतं. त्रिवेणीच्या हातात अजून पाना होता.

“खटका माझा होता,” ती म्हणाली.

बाबांनी अंगठ्याचं ग्रीस रुमालाला पुसलं, नीट, नखाच्या कडेपर्यंत. मग खिशातून फोन काढला.

“यादगिरीला सांगतो,” ते म्हणाले. “उद्या सातला ये म्हणून.”