पहिल्या मजल्यावरची खुर्ची

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसून माझे गुडघे आखडले. मी रोज जिने चढायचं ठरवलं, तर मुलाने पहिल्या मजल्यावर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. "आई, दमलीस की बस. या वयात कशाला हे नसते उद्योग?" महिनाभर मी मुकाट्याने बसले. मग खुर्ची उचलून दुसऱ्या मजल्यावर नेली. तिथवर न थांबता जमायला लागल्यावर तिसऱ्यावर. टाक्याला लागून टाका घालावा, तसंच हे. लांब टाके लवकर उसवतात. लिफ्टने ये-जा करणाऱ्या मुलाला पत्ताच नव्हता. आज मी खुर्ची गच्चीवर पोचवली, आणि नेमकी आजच लिफ्ट बंद पडली. "आई, खुर्ची कुठे गेली?" ओरडत, एकेक मजला शोधत चिरंजीव वर आले ते कठडा धरून, धापा टाकत. मी खुर्ची पुढे सरकवली. "बस जरा, बाळा. उद्यापासून ही पुन्हा पहिल्या मजल्यावर, तुझ्यासाठी."